भोवळ आणि भोंगा

छायाचित्र 1908 सालचं आहे, आणि धावण्याच्या शर्यतींत थोडाफार रस असलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी पाहिलेलं असतं. पांढरा सदरा, छातीवर 19 हा आकडा, गुडघ्यांवर आलेली चड्डी, मागे कललेली मान. धावपटू रेषा ओलांडतो आहे, पण त्याचे पाय त्याचे राहिलेले नाहीत. त्याला आधार देणाऱ्या पंचाच्या हातात भलामोठा भोंगा आहे. शर्यतीच्या सूचना गर्दीला ऐकू जाव्यात म्हणून आणलेला हा भोंगा घाईत खाली ठेवायचंही त्याला सुचलेलं नाही.

धावपटूचं नाव दोरांदो पिएत्री. इटलीतल्या कार्पी गावच्या एका मिठाईच्या दुकानात तो काम करायचा, उंची जेमतेम सव्वापाच फूट. 24 जुलै 1908 या दिवशी विंडसरच्या राजवाड्यापासून लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमपर्यंत ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली गेली. लंडनच्या मानाने त्या दिवशी ऊन कडक होतं. मैलभर राहिला असताना पिएत्री सर्वांच्या पुढे निघाला, स्टेडियमात शिरला आणि उलट्या दिशेला वळला. पंचांनी त्याला सरळ वाटेला लावलं, तर तो कोसळला. उठला, पुन्हा कोसळला. शेवटच्या 350 मीटरना त्याला सुमारे दहा मिनिटं लागली. एवढ्या वेळात एखादा आजोबा नातवाचं बोट धरून तेवढं अंतर आरामात चालून जाईल. मागून अमेरिकेचा जॉनी हेज येताना दिसला, तेव्हा डॉक्टर आणि पंचांनी पिएत्रीला उभं करून रेषेपार नेलं. अमेरिकनांनी तक्रार केली, पिएत्री बाद ठरला आणि पदक हेजला मिळालं.

मग जे झालं ते जास्त मजेदार आहे. राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल ‘डेली मेल’साठी शर्यतीचं वार्तांकन करत होता. या पोराला स्वतःचं दुकान काढता यावं म्हणून वर्गणी गोळा झाली, तिच्या मागे तोही होता. गीतकार अर्व्हिंग बर्लिनने दोरांदोवर गाणं रचलं. जिंकलेल्या हेजचं नाव आज किती जणांना आठवतं? भोवळ येऊन पडलेला माणूस वीर ठरला आणि मॅरेथॉनचं वेड युरोप-अमेरिकेत पसरलं.

श्रमाने येणारी भोवळ माणसाइतकीच जुनी असणार. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत गुणगुण सुरू होते, मळमळतं, पाय कापतात, जमीन वर येते. शरीराची ही भाषा फारशी बदललेली नाही. बदलत गेला तो तिचा अर्थ, आणि तो लावताना कोण पडलं हेही पाहिलं गेलं.

खरं तर या शर्यतीचा जन्मच भोवळीच्या कथेतून झाला. मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सला विजयाची बातमी नेणारा दूत निरोप सांगून गतप्राण झाला, ही ती कथा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला ती ठाऊक नाही. त्याच्या लेखनातला दूत फिलिपिडीस मदत मागायला स्पार्टाकडे धावतो आणि मरत वगैरे नाही. मरणारा दूत येतो तो पुढच्या शतकांतल्या लेखकांच्या लिखाणात. पण फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआलला हीच कथा भावली आणि त्याच्या आग्रहाने 1896 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत आली. ज्याचा आदिपुरुष शेवटी मरून पडतो असा खेळ मुद्दाम सुरू करायचा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकालाच सुचू जाणे! त्या पहिल्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक आघाडीवर असताना कोसळला आणि सावरायला आलेल्यालाच त्याने भ्रमात ठोसा लगावला. जिंकला स्पिरिदोन लुईस. मारूसी गावाहून अथेन्सला पाणी वाहून नेणं हा त्याचा धंदा होता.

पाण्याचा धंदा करणारा पहिला विजेता, आणि त्यानंतरची सत्तर-ऐंशी वर्षं धावताना पाणी न पिण्याचा रिवाज! आपल्याकडच्या तालमींतही घामाघूम झाल्यावर पाण्याला तोंड लावायचं नाही ही शिस्त जुनी आहे, पण तिथे निदान तहान मारल्याबद्दल पदक मिळत नसे. 30 ऑगस्ट 1904 ला सेंट लुईसच्या ऑलिम्पिकमध्ये आयोजक जेम्स सुलिव्हनने मात्र मुद्दामच पाण्याची सोय तुटपुंजी ठेवली. पाणी तोडल्यावर शरीराचं काय होतं हे त्याला पाहायचं होतं. रस्ता कच्चा, पुढेमागे मोटारींची धूळ, तापमान 32 अंशांच्या आसपास आणि अर्ध्या वाटेवर एक विहीर. 32 जण सुटले, 14 पोहोचले. विल्यम गार्सिया रस्त्याकडेला रक्तस्राव होऊन पडलेला सापडला. धुळीने त्याच्या पोटाचं आतलं अस्तर सोललं होतं.

विजेता थॉमस हिक्सची कथा तर वैद्यकाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला दचकवेल. तो पाणी मागत होता. सोबत्यांनी तोंड पुसायला ओला स्पंज दिला आणि पोटात घालायला अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन. वर ब्रँडी. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या, कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं विष. उंदीर मारायला वापरतात ते. अगदी अल्प मात्रेत ते मज्जातंतूंना चाळवतं, म्हणून त्या काळी ते उत्तेजक समजलं जाई. हिक्सला भास होऊ लागले, सोबत्यांनी त्याला जवळजवळ उचलूनच रेषेपार आणलं, आणि तरीही सुवर्णपदक त्याचंच राहिलं. तेव्हाच्या समजुतीनुसार भोवळ म्हणजे विझत चाललेला दिवा, आणि दिवा विझत असेल तर वात पुढे सारायची. तेलाचा विचार कोणी केला नाही. 1908 च्या लंडनमध्येही शेवटच्या टप्प्यात दक्षिण आफ्रिकेच्या चार्ल्स हेफेरनने प्रेक्षकाने पुढे केलेली शॅम्पेन घेतली. लगेच पोटात कळा आल्या, आणि आघाडी गेली.

पहिला मृत्यू 1912 सालचा. 14 जुलैच्या दुपारी स्टॉकहोमला असा उकाडा होता की सुटलेल्या 68 धावपटूंपैकी निम्मेच पोहोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो व्यवसायाने सुतार होता. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबी चोपडली होती, असं सांगतात. घाम बाहेर यायची दारंच त्याने बंद केली होती. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. आधुनिक ऑलिम्पिकमध्ये स्पर्धा करताना जीव गमावलेला तो पहिला खेळाडू.

त्याच दुपारी जपानचा शिझो कानाकुरीही कोलमडला. तो जहाज आणि सायबेरियातली रेल्वे असा अठरा दिवसांचा प्रवास करून आला होता, पायांत कापडी ‘ताबी’ होते, आणि घाम आला की थकवा वाढतो या समजुतीने तो पाणीही पीत नव्हता. वाटेतल्या एका घराच्या बागेत लोक बसले होते, त्यांनी त्याला प्यायला दिलं, विसाव्याला जागा दिली. शरमेने तो पंचांना न कळवताच जपानला परतला आणि स्वीडिश दफ्तरात ‘बेपत्ता’ होऊन बसला. 1967 साली, पंचाहत्तरीच्या या गृहस्थाला स्टॉकहोमला बोलावून उरलेली शर्यत पुरी करवली गेली. वेळ नोंदली गेली: 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे आणि 20.3 सेकंद.

या गमतीत एक गोष्ट झाकली जाते. कानाकुरी मधल्या काळात स्वस्थ बसला नव्हता. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये त्याने मॅरेथॉन पुरी केली आणि 16 वा आला. त्याच्या मागून सुमारे दोन मिनिटांनी, 19 व्या क्रमांकावर, बेळगावचा फडेप्पा चौगुले आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारी पोरं पाहून सर दोराबजी टाटांना जो संघ पाठवावासा वाटला, त्यातला हा धावपटू. हिंदुस्थानच्या या पहिल्याच खेपेत बेळगावच्या माणसाने 2 तास 50 मिनिटांच्या घरात मॅरेथॉन संपवली, आणि ती स्वतःच्या पायांवर. त्याच्यासाठी कोणाला भोंगा धरून धावावं लागलं नाही. कदाचित म्हणूनच त्याचं छायाचित्र कुठल्या भिंतीवर नाही.

मग आलं 1928. या वर्षापाशी जरा थांबायला हवं, कारण भोवळीचा सगळ्यात महाग पडलेला अर्थ याच वर्षी लावला गेला.

अॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांना मैदानी शर्यतींत पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता. त्यांतली सर्वांत लांब शर्यत 800 मीटरची. अंतिम फेरीत नऊजणी धावल्या. जर्मनीची लिना राडके 2 मिनिटे 16.8 सेकंदांत जागतिक विक्रम करून जिंकली, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. जीव तोडून धावल्यावर काहीजणी गवतावर आडव्या झाल्या. 800 मीटर धावून आलेला कुठलाही पुरुष तेच करतो. पण वर्तमानपत्रांत उमटलं ते वेगळंच. अकराजणी धावल्या, पाचजणींनी मध्येच शर्यत सोडली, पाचजणी शेवटी कोसळल्या, असं चक्क छापून आलं. प्रत्यक्षात नऊच्या नऊजणींनी शर्यत पुरी केली होती. न धावलेल्या बायकांनाही भोवळ आणणारी ही पत्रकारिता!

परिणाम मात्र खरा होता. बायकांचं शरीर एवढं सोसत नाही असा निवाडा झाला आणि 800 मीटरची शर्यत त्यांच्यासाठी बंद पडली, ती 1960 च्या रोम ऑलिम्पिकपर्यंत. बत्तीस वर्षं. त्यात धावपटूंच्या दोन पिढ्या घरी बसल्या.

कोणी म्हणेल, पुरुषांच्या शर्यतीही बंद झाल्याच की. हे खरं आहे. 1924 साली पॅरिसमध्ये उन्हाच्या तडाख्यात क्रॉसकंट्री झाली. 38 जण सुटले, 15 पोहोचले, बाकीचे रस्त्यात चक्कर येऊन, ओकून, भलत्या दिशेला भरकटून पडले. जिंकलेला पावो नुर्मी मात्र जणू फिरायला जाऊन आला होता. त्यानंतर क्रॉसकंट्री ऑलिम्पिकमधून गेली. पण गेली ती शर्यत. पुरुषांच्या देहाला लांब धावणं झेपत नाही असा निष्कर्ष त्यातून कोणी काढला नाही. मॅरेथॉन चालूच राहिली आणि पुरुष पडतच राहिले.

त्यातलं सर्वांत भयंकर पडणं 7 ऑगस्ट 1954 चं. व्हँकूव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धांत इंग्लंडचा जिम पीटर्स स्टेडियमात शिरला तेव्हा दुसऱ्या धावपटूपेक्षा सुमारे सतरा मिनिटं पुढे होता. तेव्हाचा मॅरेथॉनमधला जगातला सर्वोत्तम वेळ त्याच्याच नावावर होता. मध्ये बसून चहा घेतला असता तरी तो जिंकला असता. पण पहिल्यापासून जीव काढून धावायचं ही त्याची रीत, आणि शर्यतीत कोरडं राहणं ही त्या काळची मर्दुमकी. शेवटच्या फेरीत तो पडला, रांगला, उठला, पुन्हा पडला. सुमारे 200 मीटरना अकरा मिनिटं लागली. एका रेषेशी तो आपल्या माणसाच्या हातात कोसळला. ती दुसऱ्या शर्यतींची रेषा होती, मॅरेथॉनची आणखी पुढे होती. 1908 ची आठवण असलेले पंच या वेळी लांब उभे राहिले, कारण हात लावला की बाद. पीटर्स पुन्हा कधीच शर्यतीत उतरला नाही.

पाण्याचं महत्त्व शास्त्राला कळलं ते केवळ मैदानावरून नव्हे, तर जमिनीखालूनही. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत उष्माघाताने कृष्णवर्णीय मजूर मरत होते. तिथे ना स्टेडियम होतं, ना चषक देणारी राणी. पण मजूर मेले की खाण थांबते, म्हणून खाणमालकांच्या संघटनेने प्रयोगशाळा काढली. गरम दमट खोल्यांत पायऱ्या चढायला-उतरायला लावून मजुरांना उष्णतेची सवय केली जाई, त्यांचं तापमान, घाम, वजन मोजलं जाई. तिथल्याच विंडहॅम आणि स्ट्रायडम या शास्त्रज्ञांनी 1969 साली मॅरेथॉनपटूंवर निबंध लिहिला. त्याचा विषयच होता धावताना कमी पाणी पिण्याचा धोका. अमेरिकेत त्याआधीच, 1965 साली, फ्लोरिडा विद्यापीठातल्या फुटबॉल प्रशिक्षकाला पडलेल्या एका साध्या प्रश्नातून, की खेळाडूंना सामन्यानंतर लघवीला का होत नाही, डॉ. रॉबर्ट केडने मीठ-साखरेचं पाणी बनवलं होतं. चव इतकी वाईट की केडच्या पत्नीने लिंबाचा रस घालायला सांगितलं. म्हणजे आपलं लिंबू सरबतच! त्याची बाटली भरून ‘गॅटोरेड’ नावाने जगभर गेली.

इथून लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागण्याआधी प्या, सोसेल तेवढं प्या. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने 1996 साली तासाला 600 ते 1200 मिलिलिटर असा आकडाही दिला. पण दक्षिण आफ्रिकेचे डॉ. टिम नोक्स 1985 पासून एक विचित्र गोष्ट सांगत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींतले काही धावपटू पाणी कमी पडून नव्हे, तर जास्त होऊन पडत होते. रक्तातलं सोडियम पातळ होतं, पेशी फुगतात, मेंदूलाही सूज येते. डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळ उडतो, झटके येतात. लक्षणं पाहून सोबती घाबरतात आणि आणखी पाणी पाजतात. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम उतरलेलं आढळलं. धोका होता तो चार तासांहून जास्त वेळ लावणाऱ्यांना आणि धावून वजन वाढलेल्यांना. त्याच शर्यतीत एक तरुणी याच कारणाने दगावली.

नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवून दिली. लांब शर्यतींत पडणाऱ्यांपैकी बहुतेक जण रेषा ओलांडल्यानंतर पडतात. पाणी संपलं म्हणून कोणी नेमका रेषेपलीकडेच कसा पडेल? धावताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की पंप थांबतो, रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि भोवळ येते. उपाय म्हणजे आडवं करून पाय उंच करणं. ‘पळून आलास की लगेच बसू नको, जरा चाल’ हे मैदानावरचं जुनं बोलणं याच पोटऱ्यांबद्दल आहे, फक्त त्यात पंपाचा उल्लेख नाही. शर्यत चालू असताना कोसळणारा मात्र निराळा. त्याचं भान हरपलेलं असेल आणि अंग चाळीस अंशांपलीकडे तापलेलं असेल, तर तो उष्माघात, आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. अमेरिकेतल्या फालमाउथच्या शर्यतीत अनेक वर्षांत मिळून अशा 274 जणांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं. एकही दगावला नाही.

आयुर्वेदाला हा प्रश्न वेगळ्या टोकाने पडला होता. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगतात, आणि अतिव्यायामाच्या दोषांत तहान, धाप, ग्लानी, ताप, उलटी अशी यादी देतात. आयुर्वेदात अर्ध्या शक्तीची खूणही दिली आहे: कपाळावर, नाकावर, सांध्यांत घाम आणि तोंडाला कोरड. हा सल्ला रोज व्यायाम करणाऱ्या गृहस्थासाठी होता. ज्याला घड्याळाविरुद्ध धावायचं आहे त्याचा त्यात विचार नाही.

आणि घड्याळाविरुद्ध धावणारे सगळेच काही पदकासाठी धावत नाहीत. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीची चाचणी होती, 5 किलोमीटर धावण्याची. पाऊस लांबलेला, हवा दमट. गावोगावहून आलेली, काही रात्री रस्त्याकडेला काढलेली पोरं उन्हात धावली. काही कोसळली, आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. चक्कर यायला लागली की थांबावं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण थांबलं की गुण गेले आणि नोकरी गेली. आता पुरुष उमेदवारांसाठी हे अंतर 1600 मीटर आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन तर जानेवारीत, पहाटे सुटते.

बायकांना ऑलिम्पिक मॅरेथॉन मिळाली ती 1984 साली, लॉस एंजेलिसमध्ये. 5 ऑगस्टला जोन बेनॉइट जिंकली. वीस मिनिटांनंतर स्वित्झर्लंडची 39 वर्षांची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियमात शिरली. एक बाजू वाकडी, डावा हात लोंबता, पाय फरफटत. पाण्याचं शेवटचं ठिकाण तिच्याकडून सुटलं होतं. वैद्यकीय पथक धावून गेलं, तिने हातानेच त्यांना दूर ठेवलं. तिच्या अंगावर घाम दिसत होता, म्हणजे शरीर अजून उष्णता बाहेर टाकत होतं. ते पाहून डॉक्टर हात न लावता तिच्या शेजारून चालत राहिले. शेवटचे 400 मीटर, 5 मिनिटे 44 सेकंद. 37 वी. रेषेपलीकडे ती त्यांच्या हातात पडली आणि दोन तासांत सावरली. 1928 चे जुने शब्द काहींच्या ओठांवर आले असतील, पण मॅरेथॉन बायकांकडून काढून घेतली गेली नाही.

आताच्या नियमांत, नेमलेल्या वैद्यकीय माणसाने धावपटूला हात लावून तपासलं तर ती मदत धरली जात नाही. त्याने ‘थांब’ म्हटलं तर मात्र थांबावंच लागतं. पिएत्री आजही बादच झाला असता, कारण उचलून रेषेपार नेणं आजही चालत नाही. फक्त तो पहिल्यांदा पडला तेव्हाच कोणी तरी त्याला कुशीवर वळवून गुदद्वारात थर्मामीटर सरकवला असता, कारण शरीराच्या आतलं खरं तापमान तिथेच कळतं. असं छायाचित्र कोणी चौकटीत लावलं नसतं.